लीळेचे साक्षित्व : कोणी पाहिले, कोणी सांगितले, कोणासाठी सांगितले

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेल्या दृष्टान्तांपैकी जात्यंधांच्या हत्तीचा दृष्टान्त लहानथोर सर्वांस परिचित आहे. गावात हत्ती आला आणि जन्मांध मंडळी तो ‘पाहावयास’ गेली. ज्याच्या हाती पाय लागला त्याने हत्ती खांबासारखा ठरविला. कान लागला त्याने सुपासारखा, सोंड लागली त्याने मुसळासारखा, शेपूट लागले त्याने खराट्यासारखा ठरविला. पुढे त्यांच्यात कलह माजला. डोळस मनुष्य आला तेव्हा तो मिटला. हा दृष्टान्त इतका परिचित झाला आहे की त्याचे तात्पर्य सांगून श्रोते पुढे निघून जातात. परंतु त्यातील दोष नेमका कोठे आहे, हे थांबून पाहणे अगत्याचे आहे.

त्या जात्यंधांपैकी एकही खोटे बोलला नाही. कानाला हात लावणाऱ्याच्या हाताला जे लागले ते खरोखरच सुपासारखे होते. दोष स्पर्शात नव्हता, उपमेतही नव्हता. दोष एवढाच की “माझ्या हाताला जे लागले ते सुपासारखे आहे” असे म्हणावयाच्या ऐवजी तो “हत्ती सुपासारखा आहे” असे म्हणाला. त्याने वाक्यातून आपला हात वगळला. हात वगळताच खरी साक्ष खोटा सिद्धान्त झाली आणि शेजारचा सत्यवादी त्याला असत्यवादी दिसू लागला. अंशाच्या ज्ञानावर थांबणाऱ्याने अंशालाच पूर्ण म्हणू नये, हा या दृष्टान्ताचा रोख आहे. तो परमेश्वरज्ञानाच्या विषयात तर लागू आहेच, पण कोणतीही कथा सांगताना आणि ऐकतानाही तितकाच लागू आहे. प्रत्येक कथेमागे पाहणाऱ्याचा एक हात असतो. तो हात वाक्यात ठेवावा की वगळावा, यावर कथेची सत्यता अवलंबून असते.

म्हाइंभटांची पद्धती

मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ जो लीळाचरित्र, त्याची रचना शके १२०० (इ. स. १२७८) च्या सुमाराची मानली जाते. स्वामींनी उत्तरापंथे बीजे केल्यावर मार्गातील मंडळी रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिली. तेथे भटोबास लीळांचे मनन करीत असता म्हाइंभटांनी त्या लिहून ठेवण्याची अनुज्ञा मागितली, असे परंपरा सांगते. म्हाइंभट हे संस्कृत विद्येचे पंडित होते. कथेला काव्यालंकार चढविणे त्यांस अवघड नव्हते. तरी त्यांनी तो मार्ग घेतला नाही. भटोबासांनी जे पाहिले ते भटोबासांकडून घेतले आणि जे त्यांनी पाहिले नव्हते त्यासाठी ज्याच्या ज्याच्या सन्निधानी ती लीळा घडली त्याच्याकडे ते गेले.

या संकलनाची रचनाच साक्षित्वाच्या भेदावर उभी आहे. एकांकात स्वामींच्या एकाकी भ्रमणाच्या लीळा आहेत. त्या वेळी पुढील काळातील भक्तजन जवळ नव्हते. मग त्या कळल्या कशा? स्वामींनीच पुढे प्रसंगपरत्वे आपल्या भक्तांस त्या सांगितल्या, म्हणून कळल्या. म्हणजे एकांकात पाहणारे आणि प्रथम सांगणारे स्वतः स्वामी आहेत, भक्त केवळ श्रोते आहेत. पूर्वार्ध व उत्तरार्धात मात्र बाइसा, महदाइसा, भटोबास आदी भक्तजन समोर आहेत. तेथे स्वामी पाहिले जात आहेत आणि भक्त पाहणारे आहेत.

या भेदाचे उत्तम उदाहरण हरिपाळदेवांच्या प्रसंगाचे होय. भरवसच्या प्रधानाचा पुत्र निमाला, त्यास स्मशानी नेले आणि तेथे तो उठून बसला. पिता विशाळदेव व इतर कुटुंबीय यांच्या दृष्टीने आपला हरपलेला पुत्र परत आला, एवढीच ती घटना होती. त्यांचा आनंद खरा होता आणि त्यांनी पाहिले तेही खरे होते. परंतु द्वारावतीच्या श्रीचांगदेव राउळांनी ते पुर स्वीकारले, हे त्या स्मशानात उभे राहून कोणासही दिसण्यासारखे नव्हते. ती बाजू स्वामींच्या निरूपणावाचून जगाला कळलीच नसती. एकच घटना, परंतु पित्याच्या ठिकाणाहून ती पुत्रलाभ आहे आणि स्वामींच्या वचनातून ती अवतारस्वीकार आहे. दोन्ही बाजू ज्ञात असलेला वाचकच पुढील गृहत्यागाचा अर्थ समजू शकतो. पित्याला तो वियोग असह्य का झाला आणि स्वामींना तो अपरिहार्य का होता, हे दोन्ही त्याला एकाच वेळी दिसते.

पुढे खालशाच्या धाडीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि लीळा स्मरणातून पुन्हा सिद्ध कराव्या लागल्या, असे परंपरेने सांगितले जाते. हिराइसा, परशरामबास, रामेश्वरबास ही नावे या पाठपरंपरेशी निगडित आहेत. या पुन्हा सिद्ध झालेल्या पोथ्यांत एक विलक्षण प्रामाणिकपणा आढळतो. एखाद्या ठिकाणी एकाच्या स्मरणात एक शब्द, दुसऱ्याच्या स्मरणात दुसरा. एकाच्या मते उपस्थित व्यक्ती अमुक, दुसऱ्याच्या मते तमुक. अशा ठिकाणी लेखकाने एक पाठ ठेवून दुसरा पुसून टाकला नाही. दुसरी ‘वासना’ म्हणून तो पाठही नोंदविला, चौकशीने जे अधिक कळले ते ‘शोधु’ म्हणून जोडले, आणि कित्येक ठिकाणी सांगणाऱ्याचे नावही लिहून ठेवले. ‘वासना’ हा शब्द येथे पाठभेद या अर्थी आहे, हे नव्या वाचकाने ध्यानी घ्यावे. जात्यंधांनी जे केले नाही ते या पोथ्यांनी केले. त्यांनी हात वाक्यात ठेवला.

क्रियापदातील साक्ष

सांगणारा कोठे उभा आहे, हे नेहमी नाव घेऊनच कळते असे नाही. भाषाच ते सांगून जाते. लीळाचरित्रात स्वामी ‘जात’ नाहीत, ‘बीजे करतात’. ‘जेवत’ नाहीत, ‘आरोगणा’ होते. ‘निजत’ नाहीत, त्यांस ‘पहुड’ होतो. हे शब्द केवळ आदरार्थी नव्हेत. हे सर्व एका भक्ताच्या डोळ्यांनी पाहिलेले आहे, याची ती नित्य खूण आहे. त्याच लीळेत एखादा परका गृहस्थ बोलू लागला की त्याच्या तोंडी हे शब्द येत नाहीत. तो साध्या व्यवहाराच्या भाषेत बोलतो. म्हाइंभटांनी परक्याच्या तोंडी भक्ताची भाषा घातली नाही, हे त्यांच्या लेखनाचे मोठे वैशिष्ट्य होय.

रिद्धपूरलीळेत, म्हणजेच गोविंदप्रभुचरित्रात, हे अधिक स्पष्ट दिसते. श्रीप्रभूंची वर्तणूक लौकिक मर्यादेत बसणारी नव्हती. ते कोणाच्याही घरात शिरत, कोणाचेही अन्न मागत, रुसत, हसत, खेळत. गावातील कित्येकांना ते वेडे वाटत आणि ते तसे बोलूनही दाखवीत. भक्तांना तीच परमेश्वराची क्रीडा दिसे. भक्ताने लिहिलेल्या ग्रंथातून गावकऱ्यांचे ते बोलणे सहज गाळता आले असते. ते गाळले असते तर ग्रंथ अधिक भाविक दिसला असता, पण अधिक खरा झाला नसता. गावाला जे वेड दिसत होते त्यातच भक्ताला ईश्वर ओळखता आला, हा बोध त्या दोन दृष्टी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय होत नाही.

हीच लीळा दुसऱ्या भाषेत गेली की काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. रिद्धपूरलीळेचे इंग्रजी भाषांतर अॅन फेल्डहाउस या विदुषींनी केले असून ते १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणी कितीही निष्ठेने भाषांतर केले तरी इंग्रजीत राजा, चोर, बालक आणि परमेश्वर या सर्वांना एकच एकवचनी सर्वनाम लागते. क्रियापदाचे आदरार्थी अनेकवचन तेथे नाही. मराठीत जी भक्ती प्रत्येक क्रियापदातून आपोआप वाहते ती तेथे निराळ्या शब्दांनी सुचवावी लागते. हा भाषांतरकाराचा दोष नव्हे, त्या भाषेची घडणच तशी आहे. उलट, अशा भाषांतराशी ताडून पाहिले असता मराठी वाचकाला आपल्या पोथीतील रोजच्या क्रियापदांचे मोल नव्याने कळते.

श्रोता बदलला की कथा बदलते

कथेला पाहणारा आणि सांगणारा असतो, तसाच ऐकणाराही असतो. ज्याच्यासाठी कथा सांगावयाची त्याच्याकडे पाहूनच ती आकार घेते. रुक्मिणीच्या स्वयंवराची कथा मार्गात दोन प्रसिद्ध प्रकारांनी सांगितली गेली. महदाइसेने रिद्धपुरी श्रीप्रभूंच्या विवाहाच्या कौतुकप्रसंगी धवळे गाइले. धवळा हे मुळात लग्नघरी गावयाचे गीत, म्हणून त्यात रुक्मिणीहरणाची कथा लग्नघराच्या अंगणातून सांगितलेली आहे. गाणारी स्त्री, प्रसंग विवाहाचा, आणि कथा जिच्या विवाहाची तीही स्त्रीच. तेराव्या शतकाच्या अखेरीस नरेंद्रकवीने तीच कथा प्रबंधकाव्याच्या थाटात मांडली. तेथे वर्णने विस्तारतात, विरहाची अवस्था सूक्ष्मपणे रंगते, विद्वान रसिक हा श्रोता समोर धरलेला असतो. परंपरा सांगते की रामदेवराव यादवांनी द्रव्य देऊ करून त्या ग्रंथावर आपली मुद्रा मागितली आणि नरेंद्राने ती नाकारली. हे वर्तन केवळ मानी स्वभावाचे नव्हते. एकाने पाहिलेले दुसऱ्याच्या नावे सांगणे म्हणजे साक्षच पालटणे होय, हा त्यातील अर्थ आहे.

कृष्णचरित्रातीलच शिशुपाळाचा प्रसंग भास्करभट्ट बोरीकरांनी शिशुपाळवधात गाइला. काव्य उत्तम उतरले. परंतु ते ऐकून बाइदेवबासांनी जो अभिप्राय दिला तो प्रसिद्ध आहे. ग्रंथ चांगला झाला, पण तो निवृत्तांच्या योग्य नाही, असा त्याचा आशय होता. त्यांनी काव्याला उणे म्हटले नाही, कवीलाही नाही. श्रोता कोण, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. भास्करभट्टांनी तो मानला आणि भागवताच्या एकादश स्कंधावर उद्धवगीता रचली. रसिकासमोर उभे राहून सांगितलेला कृष्ण आणि उद्धवासमोर निरूपण करणारा कृष्ण यांत परमेश्वर एकच आहे. तरी विरक्त साधकाने कोठे बसून ऐकावे, हे ठरवावे लागतेच.

भाषेच्या निवडीतही हाच विवेक आहे. केशोबासांसारखे पंडित संस्कृताकडे ओढले जाणे स्वाभाविक होते आणि त्यांनी रत्नमाला हे स्तोत्र संस्कृतात रचलेही. परंतु मार्गातील निरूपण संस्कृतात नेण्याचा विचार पुढे आला तेव्हा भटोबासांनी तो मान्य केला नाही. स्वामींनी आपणांस मराठीतच निरूपिले, आणि संस्कृतात नेल्यास मार्गातील म्हाताऱ्या स्त्रिया त्यास मुकतील, असे त्यांचे म्हणणे स्मृतिस्थळात आले आहे. भाषा बदलली की केवळ शब्द बदलत नाहीत. कथेभोवती बसलेल्या मंडळींतून कोणी उठून जातो आणि कोणी नवा येऊन बसतो. भटोबासांनी त्या उठून जाणाऱ्या म्हातारीकडे पाहिले.

मुख, पोथी आणि मुद्रण

लीळा प्रथम मुखाने सांगितली गेली. तेथे सांगणारा समोर असे, म्हणून “हे तुम्ही स्वतः पाहिले काय?” असे विचारता येई. नंतर ती पोथीत आली. पोथीत मूळ पाठ आणि वासना एकाच ओळीत, एकाच आकाराच्या अक्षरात येतात, आणि वाचकाला दोन्ही वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चौदाव्या शतकापासून सकळ आदी सांकेतिक लिप्या वापरात आल्या आणि वाचकांचे वर्तुळ मर्यादित झाले. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण बाहेरच्यांनी मार्गाची कथा आपल्या कल्पनेने सांगण्यास सुरुवात केली आणि गैरसमज वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे प्रभृती संशोधकांना या लिपीचा उलगडा झाला. त्यानंतर मार्गाची कथा मार्गाच्याच ग्रंथांतून जगासमोर येऊ लागली.

पुढे मुद्रण आले. ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांच्या आवृत्त्या निघाल्या. कोलते यांची आवृत्ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्यावरून वादही झाले. त्या वादाचा निर्णय हा येथील विषय नव्हे. परंतु मुद्रणाने वाचनाच्या रीतीत जो पालट केला तो ध्यानात घेतला पाहिजे. छापील ग्रंथात बहुधा एक पाठ वर ठळक बसतो आणि इतर पाठ खाली बारीक अक्षरांत जातात. डोळा वरचेच वाचतो. पोथीत ज्या दोन साक्षी शेजारी बसल्या होत्या त्यांपैकी एक मालक होते आणि दुसरी दाराबाहेर उभी राहते. संपादकाने पाठ निवडणे हे त्याचे कर्तव्यच आहे. वाचकाने मात्र खालची ओळ वाचण्याचा आळस करू नये.

चलचित्र आणि ध्वनिचित्रफीत यांत हा धोका आणखी वाढतो. लीळा चित्रित केली की यंत्राचा डोळा कोठे तरी ठेवावा लागतो. तो बाइसांच्या ठिकाणी ठेवला आहे, परक्या गावकऱ्याच्या ठिकाणी, की ज्या ठिकाणी त्या दिवशी कोणीच नव्हते अशा जागी, हे प्रेक्षकाला सांगितले जात नाही. “असे घडले” एवढेच त्याच्या मनावर ठसते. पाहणाऱ्याचा हात चित्रातून पूर्णपणे नाहीसा होतो. म्हणून अशा साधनांनी लीळा मांडणाऱ्यांनी ती कोणाच्या साक्षीने सांगितली जात आहे हे आरंभी सांगावे.

शंका व समाधान

येथे एक शंका उद्भवते. पाठात भेद आहेत, साक्षींत भेद आहेत, असे म्हटल्याने श्रद्धा शिथिल होणार नाही काय?

समाधान असे की चार माणसांनी अक्षरशः एकच साक्ष दिली तर ती पढविलेली असावी असा संशय येतो. चौघांचे मुख्य वृत्त एक आणि बारकावे भिन्न असले तर चौघेही खरोखर तेथे होते असे मानण्यास आधार मिळतो. वासनांची नोंद हा पोथीचा दुबळेपणा नव्हे. संकलन करणाऱ्यांनी काही रचले नाही, ऐकले तेच ठेवले, याचे ते प्रमाण आहे.

दुसरी शंका याच्या उलट आहे. प्रत्येकाची दृष्टी आपापल्या जागी खरी, तर सर्व मते समानच मानावी काय?

तसे नव्हे. दृष्टान्तात डोळस मनुष्य आहे, हे विसरू नये. पायाला हात लावणाऱ्याची साक्ष पायापुरती प्रमाण आहे, कानाविषयी तो बोलू लागला तर ती प्रमाण नाही. जो सन्निधानी होता त्याचे वचन ऐकीव वचनाहून बळकट आहे. आणि जेथे स्वामींचे स्वतःचे वचन उपलब्ध आहे तेथे तेच निर्णायक आहे, कारण अवयवी पूर्ण पाहणारा तोच. साक्षींचा आदर करावा, पण त्यांची तुलनाही करावी. ‘शोधु’ हा शब्दच सांगतो की परंपरेने तुलना टाळली नाही.

साधकास उपयोग

सूत्रपाठाच्या अभ्यासात ‘प्रकरणवश’ पाहण्याची रीत आहे. हे वचन कोठे, कोणत्या प्रसंगी, कोणास उद्देशून निरूपिले, ते जाणल्यावाचून सूत्राचा अर्थ करू नये, असा पूर्वसूरींचा दंडक आहे. एखाद्या अनुसरलेल्या भिक्षूस सांगितलेले वचन गृहस्थाश्रमी उपदेशीस जसेच्या तसे लावले, किंवा एकाचे दुःख हरण्यासाठी काढलेले उद्गार सर्वांसाठी विधी म्हणून मांडले, तर सूत्र तेच राहूनही अर्थाचा अनर्थ होतो. आज मार्गातील कित्येक वाद तपासून पाहिले तर दोन्ही पक्ष खऱ्या वचनाचाच आधार घेताना दिसतात. एकाच्या हाती कान आहे, दुसऱ्याच्या हाती सोंड. वचन कोणास म्हटले हे दोघांनीही वगळलेले असते.

म्हणून नित्याच्या लीळास्मरणात साधकाने तीन प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय लावावी. ही लीळा कोणी पाहिली? ती कोणी सांगितली? कोणासाठी सांगितली? या प्रश्नांची उत्तरे पोथीत बहुधा असतातच. वाचण्याच्या घाईत ती निसटतात. प्रवचनकारानेही लीळा सांगताना स्थानाचे व उपस्थित भक्तांचे नाव गाळू नये. श्रोत्यांस ती नावे रुक्ष वाटली तरी ती साक्षीदारांची नावे आहेत. आणि स्वतःचा अर्थ सांगावयाचा झाल्यास तो आपला अर्थ म्हणून सांगावा, पोथीचा म्हणून सांगू नये.

बाइसा, महदाइसा, भटोबास, हिराइसा यांपैकी कोणीही आपण सर्व पाहिले असे म्हटले नाही. प्रत्येकाने आपल्या वाट्याला आलेले सांगितले आणि ते आपल्या वाट्याचे आहे हेही राखले. त्यांच्या त्या नम्रतेमुळेच सातशेहून अधिक वर्षांनंतर आजच्या वाचकास लीळेजवळ जाता येते. हाताला जे लागले ते प्रामाणिकपणे सांगावे, आणि हात आपला आहे हे विसरू नये. दृष्टान्ताचे मर्म हेच होय.

दंडवत प्रणाम.